वरच्या खोलीत ऐकलेलं

आबा,

तुम्ही माझ्या हॉटेलात एकदाच जेवलात. मी उल्हासनगरला कामाला लागून दोनेक महिने झाले होते आणि पोरगं तिथं नेमकं करतं काय, हे तुम्हाला बघायचं होतं. सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तुम्ही बदलापूरहून आलात आणि दाराजवळच्या टेबलावर अंग चोरून बसलात. सेठ गल्ल्यावरून उठून आला, "आओ बाबूजी" म्हणाला आणि त्याने दाल-पकवान मागवलं. एवढी मोठी पुरी इतकी कडक कशी राहते, हे तुम्ही मला दोनदा विचारलंत. मला नीट सांगता आलं नाही, तेव्हा आमचा कुक हात पुसत बाहेर आला आणि त्याने तुम्हाला मैद्यात मोहन किती, तेल किती तापवायचं, आच कधी उतरवायची, सगळं सांगितलं. आच म्हटल्यावर तुमचा चेहरा खुलला. बॉयलरवरचा माणूस तुम्ही, आचेबद्दल तासभर बोलला असता. मग जेवण झालं आणि तुम्ही घरच्या सवयीने ताट उचलून बेसिनकडे निघालात. आजूबाजूची गिऱ्हाइकं बघायला लागली. मी धावत येऊन तुमच्या हातातून ताट घेतलं. "आबा, राहू द्या. इथं उचलायला माणसं आहेत." "माणसं म्हणजे तूच ना?" असं तुम्ही म्हणालात आणि हात धुवायला गेलात.

तुम्ही ते रागाने म्हणाला नव्हता, हे आता कळतं. तेव्हा मला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. मला कारखान्यात चिकटवायचं तुमचं स्वप्न होतं. अंबरनाथच्या त्या रसायनांच्या कारखान्यात तुम्ही बॉयलर अटेंडंट, तुमचं सर्टिफिकेट काच लावून भिंतीवर, आणि बदलापूरला मांजर्लीतल्या आपल्या दोन खोल्यांत पाहुणा आला की आधी त्याला ते दाखवलं जायचं. मी हाताखाली लागेन, शिकेन, परीक्षा देईन, असं तुम्ही ठरवलं होतं. पण माझं वय झालं तेव्हा भरती बंद होती. मी चोविसाव्या वर्षी, लग्न झालेला, वेटर झालो. विहारातल्या बैठकीत तुम्ही पेपर वाचून दाखवायचात, देशात काय चाललंय ते समजावून सांगायचात. पण मुलगा काय करतो असं कुणी विचारलं, तर "उल्हासनगरला असतो" एवढंच सांगायचात.

गंमत म्हणजे, पेपरातली बातमी माझ्याकडे तुमच्याआधी पोचायची. हॉटेलात काम करणाऱ्याला जगात काय चाललंय ते ऑर्डरींवरून कळतं. मुंबईत गिरण्या बंद पडल्या होत्या तेव्हा जेवणारी माणसं चहा-खारीवर आली, मग एका चहात दोघं, आणि मग दिसेनाशी झाली. पंतप्रधानांना मारलं त्या दिवशी रेडिओ काही सांगायच्या आत सेठने शटर अर्धं ओढलं होतं, आणि भट्टीवर शिजत असलेला राजमा आम्ही सगळ्यांनी उभ्याउभ्या खाल्ला. आमच्या हॉटेलाच्या वर एक एसी खोली होती, पडदे लावलेली. तिथं बसणारी माणसं मोठ्याने ऑर्डर द्यायची आणि हळू बोलायची. वरची खोली माझ्याकडे होती.

तुमच्या कारखान्यात संप झाला आणि महिन्याभरात मालकाने टाळं लावलं. ते दिवस तुम्हाला मी काय सांगू? तुम्ही रोज सकाळी खाकी गणवेश घालून, डबा लावून, सायकलवर चिखलोलीच्या रस्त्याने जायचात आणि बंद गेटसमोरच्या ताडपत्रीखाली बसायचात. संध्याकाळी घरी आल्यावर आई विचारायची, "काय झालं?" "बोलणी चालू आहेत." आईला एवढं पुरायचं. तुम्हाला मात्र बॉयलरची काळजी लागून राहिली होती. बंद बॉयलरमध्ये ओल राहिली तर आतून गंजतो, ड्रममध्ये चुनकळी ठेवावी लागते ओल शोषायला, ती वेळोवेळी बदलावी लागते. तुम्ही मॅनेजरच्या नावाने तसा अर्ज लिहिलात. संपाचं काही मागितलं नव्हतं, फक्त महिन्यातून एकदा आत सोडा, मी चुनकळी बदलून परत बाहेर येतो, एवढंच. गेटवरच्या वॉचमनने तो अर्ज घेतला. उत्तर आलं नाही. तरी तुम्ही दर महिन्याला नवा अर्ज लिहायचात, आणि अक्षर चांगलं म्हणून माझ्याकडून लिहवून घ्यायचात.

त्या अर्जांतला तिसरा की चौथा मी लिहून दिला, त्याच आठवड्यात तुमचे साहेब लोक आमच्याकडे जेवायला आले. अंबरनाथमध्ये कुणी बघितलं असतं, म्हणून उल्हासनगरला. दोन साहेब, एक वकील वाटणारा माणूस, आणि तुमच्या युनियनच्या कमिटीतला तो, जो गेटवर सगळ्यांत मोठ्याने घोषणा द्यायचा. मी त्याला ओळखत होतो, तो मला ओळखत नव्हता. भर दुपार. मी सिंधी कढी आणि भात वाढतोय, पापड ठेवतोय, आणि साहेब जेवता जेवता सांगतोय, "गेट अब नहीं खुलेगा. नया प्लांट गुजरात में तैयार है. दिवाली के बाद मशीनें निकल जाएँगी. तब तक इनको बैठने दो, थक जाएँगे तो खुद साइन करेंगे." कमिटीवाल्याने विचारलं, "और मेरे लोगों को क्या बोलूँ?" "बोलो, बातचीत चालू है."

माझ्या हातात कढीचा डाव होता. त्यांच्यापैकी कुणीही आवाज खाली केला नाही. माझं तिथं असणं, हे त्यांच्या लेखी कुणी असणं नव्हतंच.

खाली आलो तो थेट भटारखान्यात गेलो आणि कुकला सांगितलं. तो आमच्यात सगळ्यांत जुना, रत्नागिरीकडचा, बोलायला मोजका. त्याने कांदा चिरायचं थांबवलं नाही. "तुझा बाप आहे ना त्या कारखान्यात?"

"हो."

"मग सांगू नकोस."

"असं कसं? त्यांना कळायला नको?"

"कळलं तर गप बसेल काय तो? उद्या गेटावर उभा राहून ओरडंल. कुणी सांगितलं, तर पोरान सांगितलं. तू संध्याकाळपर्यंत रस्त्यावर. घरात तान्ही पोरगी आहे तुझी. आता घर कोण चालवतंय, तू का तो?"

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तुम्ही खरंच ओरडला असता. माझी नोकरी गेली असती, आणि पाच माणसांच्या तोंडात घालायला दुसरं काही नव्हतं. हे कारण मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. पण मी आणखी एका गोष्टीसाठी गप्प बसलो, तीही लिहितो. ताटं उचलणाऱ्या माणसाला तुमच्या आधी कळलं होतं. तुम्ही पेपरात 'तोडगा दृष्टिपथात' अशी दोन ओळींची बातमी शोधून आईला वाचून दाखवायचात, कापून ठेवायचात, आणि मी भाकरी खात ऐकत असायचो. पहिले काही दिवस, आबा, मला त्यात थोडं सुखच वाटलं. मग ते गेलं, आणि जे राहिलं ते घेऊन मी तुमच्यासमोर बसायचो.

एकदा सांगायची वेळ अगदी तोंडाशी आली होती. सेठच्या भावाचा उल्हासनगरच्याच एका कॅम्पात कापड रंगवायचा छोटा कारखाना होता आणि त्याला सर्टिफिकेटवाला बॉयलर अटेंडंट हवा होता. मी तुमचं नाव सांगितलं. तो लगेच म्हणाला, "कल से भेज दो." मी ती बातमी घेऊन घरी आलो तेव्हा तुम्ही नदीकडच्या ओट्यावर बसून सायकलची चेन साफ करत होता. सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "लहान बॉयलर असेल."

"बॉयलर तर आहे ना, आबा."

"आहे. पण मी गेटवरनं उठलो तर माझी जागा रिकामी दिसेल. उद्या दुसरा उठेल. परवा तिसरा. मालकाला तेच हवंय."

"आणि गेट उघडलंच नाही तर?"

तुम्ही हसलात. "एवढा मोठा बॉयलर कोणी गंजत ठेवतो का रे? त्याला पण कळतंय. उघडणार."

मी तिथं उभा होतो. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. आईने आतून चहा आणला, तो मी घेतला, प्यायलो, कप विसळला. ती जागा आठ दिवसांनी दुसऱ्या कुणाला मिळाली. तो माणूस पुढे चौदा-पंधरा वर्षं तिथं टिकला. मला माहीत आहे, कारण तो दुपारी आमच्याकडेच जेवायला यायचा.

दिवाळी झाली आणि ट्रेलर आले. पोलीस बंदोबस्तात, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या समोर. मी तिथं नव्हतो, तुमच्या जोडीदाराने मला नंतर सांगितलं. दुसऱ्या पाळीला बॉयलरवर असायचे ते, उंच, पान खाणारे, तुम्ही ज्यांना भाऊ म्हणायचात. ते म्हणाले, बाकीचे दगड मारत होते, घोषणा देत होते, आणि तुझा बाप ट्रेलरच्या बाजूने चालत होता. बॉयलर झाकला नव्हता म्हणून. पाऊस येईल, ताडपत्री घाला, असं ड्रायव्हरला सांगत चालत होता, पोलिसाने हाताला धरून बाजूला करेपर्यंत. हे सांगताना ते हसले होते. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी घरात उंदरांचं औषध घेतलं. त्यांना आंघोळ घालायला तुम्ही होता. घरी येऊन तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी म्हणालात, "त्याला निदान कुणी आधी सांगायला पाहिजे होतं. तो गावाकडं गेला असता. त्याची शेती होती." तुम्ही माझ्याकडे बघून म्हणाला नव्हतात. भिंतीकडे बघून म्हणालात. मी कामावर जायला निघालो होतो, चपला घालत होतो, आणि मला दुसऱ्या पायातली चप्पल सापडेना.

पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे. एका नव्या बिल्डिंगच्या फाटकाशी वॉचमन म्हणून बसलात, गणवेश निळा झाला, खोकला वाढला. भिंतीवरचं सर्टिफिकेट तुम्ही उतरवलं नाहीत, पण पाहुण्यांना दाखवणं बंद केलंत. शेवटच्या वर्षी तुम्ही खाटेवरच असायचात आणि मी पेपर वाचून दाखवायचो. एक दिवस निवडणुकीची पानं होती. उमेदवारांचे फोटो, त्यात तो कमिटीवाला. तुम्ही पेपर माझ्या हातातून घेतलात, डोळ्यांजवळ नेलात. बराच वेळ बघत होता.

"हा तुमच्या हॉटेलात यायचा का रे? टाळेबंदीत? कोणी तरी म्हणत होतं तेव्हा."

आई पेज घेऊन दारात उभी होती.

"नाही, आबा. मी तरी कधी बघितला नाही."

"बरं," तुम्ही म्हणालात, आणि पेपर घडी करून परत दिलात. घडी अगदी नीट, कडेला कड लावून. तुम्हाला माहीत होतं का? मी ते "बरं" किती वेळा ऐकून पाहिलंय. कधी वाटतं, तुम्ही मला सोडवलंत. कधी वाटतं, तुमचा खरंच विश्वास बसला, आणि मग त्या दिवसापुरतं मला जेवण जात नाही. दोन महिन्यांनी तुम्ही गेलात. विहारात तुमच्यासाठी वंदना झाली, लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलले. शेवटपर्यंत गेटवरून उठला नाही, असं प्रत्येक जण म्हणाला.

तुम्ही गेलात त्या वयापेक्षा आता मी मोठा आहे. हॉटेल विकलं गेलं, कुक गावी जाऊन वारला, आई गेली. हे पत्र मी मुलीलासुद्धा दाखवणार नाही. ती तुमची गोष्ट अभिमानाने सांगते. लिहून झालं की फाडीन, किंवा फाडणार नाही, कपाटात पडेल. पण लिहिलंच आहे तर एक राहिलेलंही लिहितो. खाटेजवळ तुम्ही विचारलंत तेव्हा मला नोकरीची भीती उरलेली नव्हती. मी तोवर हॉटेलात जुना झालो होतो, सेठने मला काढलं नसतं. तो कमिटीवाला त्या दुपारनंतरही कितीतरी वर्षं आमच्याकडे येत राहिला, आणि वरच्या खोलीत सगळे मला "ए", "छोटू", "वेटर" म्हणायचे, तेव्हा तो एकटा "अहो, जरा पाणी देता का" म्हणायचा. आबा, मला तो आवडायचा.