कन्या २, निर्वंश

मंगळवार, ६ जानेवारी २०२६

नाही झालं इन्स्टॉल! पाचव्यांदा. हिरवी पट्टी सरकत सरकत ब्याण्णव टक्क्यांपर्यंत जाते, तिथे थबकते, आणि मग इंग्रजीत चौकट येते – फाइल सापडली नाही, सेटअप बंद होत आहे. व्हा बंद, माझं काय जातं! पण जातं ना. वीस तारखेला कुळवृत्तांताची दुसरी आवृत्ती छपाईला द्यायची आहे.

कृष्णादादाने पेनड्राइव्ह स्वतः आणून दिला. माझा चुलतभाऊ, आमच्या कुळवृत्तांताचा जन्मठेपेचा संपादक. त्यात 'वंशवेल' नावाचं सॉफ्टवेअर आहे आणि कुळातल्या सगळ्या शाखांची नावं असलेली एक फाइल. सॉफ्टवेअर बसल्याशिवाय फाइल उघडत नाही. दारातच म्हणाला, "यमे, मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून मला धड दिसूनच नाही राहिलं. तुझा नोंदींवर हात बसला आहे. तूच एकदा शेवटची नजर फिरव, चूक दिसली तर दुरुस्त कर, मग देऊ छापायला."

फिरवते ना दादा. चांगली फिरवते.

बुधवार, ७ जानेवारी

"कशाला एवढा जीव काढून राहिली?" ह्यांनी चहा पिता पिता विचारलं. उत्तर इथे देते.

२००८. कुळवृत्तांताची पहिली आवृत्ती. सदर भागात हॉल घेतला होता, शाल-श्रीफळं, सनई, गाजराचा हलवा. बाबा त्र्याऐंशी वर्षांचे, पहिल्या रांगेत. मी आणि कामिनी, दोघी बहिणी, त्यांच्या दोन बाजूंना. पुस्तक हातात पडलं तसं त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि स्वतःचं पान शोधलं. पान एकशे चौदा.

"महादेव. कन्या २. निर्वंश."

एवढंच. त्या दोन कन्या दोन्ही हातांशी बसलेल्या, आणि आम्हाला नावंसुद्धा नाहीत, आकडा! बाबांनी बोट ठेवून तीनदा वाचलं. मग माझ्याकडे वळून हळू विचारलं, "यमे, मी निर्वंश आहे काय वं?"

मी तिथेच कृष्णादादाला गाठलं. तो हलव्याची वाटी हातात धरून म्हणाला, "पद्धत आहे बाई. मुलगा नसला की तसंच लिहितात. मी का शिवी दिली?" शिवीच आहे ती! भांडणात बायका बोटं मोडून दुसरं काय म्हणतात? आणि हा ती छापतो, बाइंडिंग करून घरोघरी वाटतो!

बाबांनी ते पुस्तक पुन्हा उघडलं नाही. दोन वर्षांनी गेले. अग्नी मी दिला. निर्वंश माणसाला अग्नी कोण देतं, हे कृष्णादादाच्या पद्धतीत कुठे लिहिलेलं असेल तर दाखवावं.

बत्तीस वर्षं तहसील कचेरीत वारसनोंदी लिहिल्या मी. भाऊ डोळे वटारून समोर उभे असत, तरी बहिणींची नावं चढवली. एक शब्द नोंदीत गेला की माणसाचं काय होतं ते मला कोणी सांगू नये.

आणि आता देवाने – नव्हे, मोतीबिंदूने – नोंदवही माझ्या हातात दिली आहे. बाबांचा शब्द तर मी काढणारच. पण तेवढ्यावर भागत नाही. कृष्णादादाला एकच मुलगा, उन्मेष. उन्मेषला एकच मुलगी, चिन्मयी. पुढे मुलगा नाही. पद्धत ती पद्धत! उन्मेषपुढे तोच शब्द मी माझ्या हाताने टाकणार. छापून येऊ दे. हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसून वाचू दे त्याला.

फक्त हे मेलं सॉफ्टवेअर बसायला हवं.

शुक्रवार, ९ जानेवारी

ॲन्टिव्हायरस बंद करून पाहिला. रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर केलं. फाइल डेस्कटॉपवर उतरवून तिथून चालवली. कॉम्प्युटर बंद-चालू तर इतक्यांदा केला की बटणाला घट्टे पडले असतील. ब्याण्णव टक्के! दरवेळी ब्याण्णव!

शेवटी मनीषनगरच्या चौकातल्या दुकानातून धर्मेंद्रला बोलावलं. पन्नाशीचा माणूस, चष्मा कपाळावर, घरात शिरताच कॉम्प्युटरकडे असं पाहिलं की जणू प्रेत उचलायला आला आहे. दहा मिनिटं खटखट केली. म्हणाला, "मॅडम, दोनच गोष्टी होऊ शकते. नाहीतं तुमची विंडोज मारा लागते, सारं उडवून नव्यानं. नाहीतं ज्यानं हे पेनड्राइव्ह देलं, त्यानंच अर्धं भरून देलं."

मी म्हटलं, "मुद्दाम?"

"आता मुद्दाम का बेमुद्दाम, मले काय माहीत! पण एक फाइल कमी आहे हे खरं."

मला सगळं लख्ख दिसलं. कृष्णादादा! हातात देतो म्हणून देखावा करायचा, आणि आतली एक फाइल काढून घ्यायची. वीस तारीख उलटली की म्हणायचं, यमीला नाही जमलं, जुनंच छापून टाका. बाबांच्या नावापुढे तो शब्द दुसऱ्यांदा!

शनिवार, १० जानेवारी

कुळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. एकशे बेचाळीस माणसं आहेत त्यात. लिहिलं – "संपादकांनी दिलेला पेनड्राइव्ह अपुरा आहे. चुकून की मुद्दाम, ते त्यांनीच सांगावं. काही नोंदी कोणाला बदलू द्यायच्या नसतील तर तसं स्पष्ट बोलावं."

पाठवलं. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

रविवार, ११ जानेवारी

कृष्णादादाचं उत्तर – "माझ्या कॉम्प्युटरवर व्यवस्थित चालून राहिलं." खाली हात जोडलेले. एकोणीस जणांनी त्या उत्तराला अंगठे दिले. नावं लिहून ठेवली आहेत.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. कृष्णादादाचा फोन – "तिळगूळ घ्या, गोड बोला!" आवाजात इतका गूळ की मुंग्या लागाव्या. म्हणे, "तुझे हे सांगत होते, तू दिवसभर त्याच्यावरच बसून राहते. काहून त्रास करून घेते? चिन्मयीला विचार. तिला कळते त्यातलं. माझ्या कॉम्प्युटरवर तिनंच तर टाकून दिलं होतं."

म्हणजे ह्यांनी सगळं सांगितलं! ह्यांच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. विचारलं तर म्हणतात, "अगं, भाऊ आहे तुझा. सुंभ जळाला तरी पीळ तुझा जात नाही." आज ह्यांना तिळाचे लाडू मोजून दोन दिले.

चिन्मयीला मी फोन करणार नाही. जिच्या बापाच्या नावापुढे तो शब्द टाकायचा, तिचीच मदत घ्यायची? एवढी मी पडलेली नाही.

गुरुवार, १५ जानेवारी

केला फोन. पाच दिवस उरले, दुसरं करणार काय!

पोरगी पुण्याला असते, सव्वीस वर्षांची. ऑफिसातून बाहेर जिन्यात येऊन बोलली. "यमुआजी, त्या चौकटीचा फोटो पाठवा ना मला." पाठवला. दोन मिनिटांनी फोनवर खळखळून हसू.

"यमुआजी, कॉम्प्युटर घेतला तेव्हा तुम्ही त्यात तुमचं नाव मराठीत टाकलं होतं का?"

टाकलं होतंच! दुकानदार इंग्रजीत एस-एम-टी, म्हणजे श्रीमती, करून काहीतरी टाकत होता. मी म्हटलं, बाजूला हो. आणि स्वतः टाकलं – यमुना. माझ्या कॉम्प्युटरवर माझं नाव माझ्या भाषेत का नको?

"बस, तेच तर! तुमच्या नावाचा फोल्डर आहे आत. हे सॉफ्टवेअर आपल्या फाइली त्या फोल्डरात ठेवतं, आणि मग परत शोधायला जातं. पण त्याला मराठी नाव वाचताच येऊन नाही राहिलं. बघा, फोटोत तुमच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आहेत."

भिंग घेऊन पाहिलं. खरंच. यमुना नाही. प्रश्नचिन्हं.

मराठी कुळांची नावं लिहायचं सॉफ्टवेअर, आणि त्याला मराठी नाव चालत नाही! हसावं की रडावं कळेना. कृष्णादादाच्या कॉम्प्युटरचं नाव इंग्रजीत, म्हणून त्याच्याकडे बिनबोभाट चाललं. फाइल कमी नव्हतीच.

म्हणाली, "नाव नुसतं बदलून नाही होणार, फोल्डर तोच राहतो. इंग्रजी अक्षरांत नवीन खातं उघडा आणि त्यातून इन्स्टॉल करा. अडलं तर कधीही फोन करा हं." गोड पोर आहे. उन्मेषसारखंच बोलते, शेवटचा शब्द ओढून.

म्हणजे ग्रुपवर मी जे लिहिलं ते खोटं ठरलं. माफी? अठरा वर्षं झाली, त्याने मागितली का? एक चूक माझी, एक त्याची. माझी मी गिळते. त्याची मी छापते.

शनिवार, १७ जानेवारी

झालं! झालं! झालं!

नवीन खातं उघडलं. इंग्रजी अक्षरांत नाव विचारलं. यमुना टाकणार होते. मग हात थांबला आणि हसू आलं. टाकलं – एन आय आर व्ही ए एन एस एच. कॉम्प्युटरने मुकाट्याने घेतलं. वर निळ्या पडद्यावर माझं स्वागत केलं – वेलकम, निर्वंश!

हिरवी पट्टी सुटली. नव्वद. एक्याण्णव. ब्याण्णव – त्र्याण्णव! पुढे शंभरापर्यंत कशी गेली ते पाहिलंच नाही, डोळे भरून आले होते. हे धावत आले, काय झालं म्हणून. मी म्हटलं, "निर्वंशाला बरोबर आत घेतलं बघा."

त्यांना कळलं नाही. जाऊ दे.

रविवार, १८ जानेवारी

आज बाबांची नोंद.

सॉफ्टवेअर आत शिरताना नोंद करणाऱ्याचं नाव विचारतं. तिथे मात्र मराठी चालतं! शोधलं, सापडलं. "महादेव. कन्या २. निर्वंश." खाली बारीक अक्षरांत – नोंद करणार : कृष्णकांत.

शब्द खोडला. एकेक अक्षर मागून, सावकाश. 'कन्या २' पण खोडलं. लिहिलं – कन्या यमुना, कन्या कामिनी. खाली नातवंडं, तिघांची नावं, जन्मसालं. जतन करा दाबलं. खालचं नाव बदललं – नोंद करणार : यमुना.

कामिनीला अमरावतीला फोन केला. तिने नोंद पुन्हा वाचून दाखवायला लावली. मग म्हणाली, "बाबांना दिसलं असतं तर." मी फोन ठेवून हमसून रडले.

कृष्णादादाची शाखा अजून उघडलेली नाही. ती उद्या. मन दिवसभर कुरकुरतं आहे – त्या पोरीचा काय दोष? जिन्यात उभी राहून पाऊण तास बोलली तुझ्याशी. दोष नाहीच तिचा. आमचा तरी काय होता? कामिनीचा काय होता? नाही, मी ढिली पडणार नाही. त्याने माझ्या बापाला जे वाचायला लावलं तेच त्याला वाचायला लागेल. एक शब्द. फक्त एकच शब्द टाकायचा आहे.

सोमवार, १९ जानेवारी

उघडली शाखा. शब्द तिथे आधीच आहे.

"उन्मेष. कन्या १. निर्वंश." खाली – नोंद करणार : चिन्मयी.

फोन लावला. काय विचारलं ते आठवत नाही. ती सहज म्हणाली, "हो यमुआजी, दिवाळीत आली होती ना, तेव्हा मीच टाइप केलं. आजोबा सांगत गेले, मी टाकत गेली. तो शब्द मला माहीत नव्हता, म्हणून विचारलं त्यांना. तर म्हणाले, पुढे कोणी नाही, असा अर्थ."