चेंडूचा पगार

अमळनेर, ७ जानेवारी १९९५

चि. गजेंद्रास, ताईचे अ. उ. आ.

इकडे क्षेम आहे, म्हणजे तू राहू देतोस तेवढं. तुमच्या तिकडच्या पर्वत पाटियाचे सुकदेवमामा गुरुवारी तुझ्या मिलमध्ये येताहेत. त्यांना त्यांच्या भाचीसाठी, धनश्रीसाठी, तुला काम करताना पाहायचंय. मी सांगून बसलेय, मुलगा लूम चालवतो. शेठ मिलच्या संघातून बास्केटबॉल खेळायचा पगार देतात म्हटलं की लोक हसतात आणि उठून जातात. आधीची स्थळं अशीच गेली. तेव्हा त्या दिवशी ती चड्डी-बनियन नको, मुकाट्याने लूमजवळ उभा राहा. आईमाघारी चार लोकांत तोंड मलाच दाखवायचं असतं, बाबा!

दाजी आठवण काढतात.

तुझी, कपाळाला हात लावून बसलेली,
वत्सलाताई

उधना, १६ जानेवारी १९९५

ती. ताईस, गजेंद्रचा शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं आणि तोंडावर आपटलो. मिलमधल्या कारागीर उखाच्या लूमजवळ उभा राहिलो, तोच धागा तुटला. मामांनी सांधायला सांगितलं. मला गाठच येईना. अगं, मामांचा जन्म लूमवर गेलाय, थाप कुणाला मारावी हे तरी बघत जा! त्यांनीच धागा सांधला आणि विचारलं, की खरं काय करतोस. मग मी त्यांना सरळ मैदानावर नेलं. सराव संपेपर्यंत ते बसून राहिले. जाताना एवढंच म्हणाले, की रविवारी मुलगी पाहायला ये.

गेलो. धनश्री चटईवर बसलेली. पोहे मामींनी आणले, चहाही मामींनीच. मला वाटलं, हिच्या पायात काही दोष असावा. वैतागून म्हणालो, की माझं खोटं तुम्ही पकडलंत, आता मुलीला जरा उभी करा. मामा ओशाळले. उंचीपायी तिला नकारावर नकार आलेले, म्हणून घरच्यांनी उठूच नको असं बजावलं होतं.

ती उठली. ताई, तिच्याशी बोलायला मला वाकावं लागलं नाही. लग्नानंतर खेळ सोडणार का, असं तिने विचारलं. नाही म्हणालो. मामींनी खुणावलं तरी ती खाली बसली नाही.

आशीर्वाद पाठवत जा, थापा पुरे.

तुझा
गजेंद्र

अमळनेर, २४ जानेवारी १९९५

चि. गजेंद्रास, ताईचे अ. उ. आ.

मेल्या, जीव टांगणीला लावलास. मामांचा होकार काल पोचला. सुपारी फोडायला याल तेव्हा आमच्या दाराची चौकट सांभाळा, आता दोन डोकी आपटतील.

शेजारच्या भागीरथीकाकूंनी विचारलं, की मुलगा करतो काय. बास्केटबॉल खेळतो आणि त्याचाच पगार घेतो, असं सांगितलं. त्या हसल्या. मग मी पुन्हा सांगितलं, गल्लीला ऐकू जाईल असं.

माया आहेच, ती दोघांवर राहील.

तुझी
वत्सलाताई