काळी आई आणि आंबट माती

२ नोव्हेंबर, रविवार
आज सकाळी पूजा आटोपली, सोवळं सोडलं आणि कौशिकच्या तिन्ही कुंड्या अंगणात उपड्या केल्या. आत काय निघालं? चीडच्या, म्हणजे पाइनच्या, वाळक्या सुया, सालींचा चुरा, रेती. माती नावाला. तो सगळा केर तुळशीमागे भिंतीच्या कोपऱ्यात ओतला. काल गरौठा गावाहून, ऑफिसातल्या नीरजच्या शेतातली काळी माती गोणीभर आणली होती, ती कुंड्यांत ठासून भरली. एका झाडाचा जास्तीचा फुटवा मुळांसकट सुटून आला. नाजूक वाटला. तोही केरावर टाकला.

कौशिक वरच्या क्वार्टरमध्ये राहतो. फॅक्टरीतला तरुण इंजिनिअर, आता ट्रेनिंगला हैदराबादला. झाडाचं नाव हेदर. थंडीत गुलाबी फुलतं. त्याच्या वाग्दत्त वधूने, प्रांजलीने, हिमाचलातल्या नर्सरीत स्वतः वाढवून त्याला दिलं. संक्रांतीला तिला हलव्याचे दागिने घालायचेत आणि वेणीत हीच फुलं माळायची, असं दोघांचं ठरलंय. जाताना तो म्हणाला, "काका, फक्त पाणी घाला. माती हलवू नका." पुण्याचा मुलगा. काळ्या आईची किंमत त्याला काय कळणार!

५ नोव्हेंबर, बुधवार
त्रिपुरी पौर्णिमा. प्रांजलीचा फोन. ती इथलीच, झाशीतल्या जुन्या मराठी घराण्यातली, पण मराठी बोलताना अडखळते. म्हणाली, "काका, इसकी मिट्टी खट्टी रहनी चाहिए. पाणी थांबलं नाही पाहिजे, बस." मी म्हटलं, हो बेटा, निश्चिंत रहा.
माती आंबट कशी असेल? शाळेत असताना मी माती खाल्ली आहे. खारट असते.
माती बदलल्याचं सांगायचं राहिलं. फुलं आली की सांगू. म्हणजे आनंदही होईल.

१६ नोव्हेंबर, रविवार
शेंडे जरा मान टाकतायत. नवीन माती ओळखायला वेळ लागतो. शकुंतलेला म्हटलं, मी मातीतला माणूस आहे. ती म्हणाली, "तुमच्या घराण्यात शेत कुणाचं? मामंजी पोस्टमन होते."
पोस्टमन असले तरी काळ्या मातीतूनच चालायचे ना?

२७ नोव्हेंबर, गुरुवार
कुंड्यांत वरून भेगा, आत चिखल. काडी खुपसली तर निघेना. पानं तपकिरी. झाशीची हवा बरी नाही. पाणी वाढवलं.

४ डिसेंबर, गुरुवार
मार्गशीर्षातला गुरुवार, शिवाय दत्तजयंती. ऑफिसातून परस्पर लक्ष्मी तालाकाठच्या देवळात गेलो. महालक्ष्मीपुढे हात जोडले. म्हटलं, आई, माझं काही चुकलं असेल तर पदरात घे, पण झाडं जगव.
परतताना पायरीवर थांबलो. 'असेल तर' म्हणजे काय? देवीपुढेही मी फाइलवर शेरा मारतात तसा बोललो. परत आत जावं असं वाटलं. रांग मोठी होती.

७ डिसेंबर, रविवार
मोबाइलवर वाचलं. मुलगी बरोबर होती. या झाडाला आम्लधर्मी माती लागते, भुसभुशीत, पाणी वाहून जाणारी. काळी माती नेमकी उलट. असो. यावर उपाय आहे. माती आंबट करायची. दोन तांबे ताक ओतलं, वर चार लिंबं पिळली.
शकुंतला दारात उभी होती. म्हणाली, "थांबा, फोडणी देते. कढी तरी होईल."

९ डिसेंबर, मंगळवार
वास येतोय. समोरच्यांचं मांजर कुंडीत बसून असतं. समोरच्या इंदिरा भाभींनी विचारलं, "भाईसाहब, गमले में दही जमा रहे हो क्या?" मी हसलो. हसायला नको होतं.

१४ डिसेंबर, रविवार
एक झाड गेलं. फांदी वाकवली तर कट्कन मोडली.
कौशिकचा व्हिडिओ कॉल आला. झाडं दाखवा म्हणाला. फोन लांब धरला. मागे शकुंतलेची गुलाबी शेवंती होती. तो म्हणाला, "वा काका, कळ्या आल्या वाटतं!"
मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

२५ डिसेंबर, गुरुवार
तिन्ही गेली.
सुट्टी होती. मानिक चौकात जाऊन बारीक गुलाबी कापडी फुलं आणली. एकेक फूल गोंदाने काडीला चिकटवत बसलो. लांबून झकास दिसत होतं. एक कुंडी पुरी होत आली तेव्हा शकुंतला बाहेर आली. मला वाटलं, चिडवेल. चिडवलं नाही. हलकेच विचारलं, "देवाला कधी कापडाची फुलं वाहिलीत?"
सगळी काढली. गोंद बोटांना अजून आहे.

४ जानेवारी, रविवार
उद्या कौशिकला फोन करून सगळं सांगायचं. नक्की.

६ जानेवारी, मंगळवार
काल त्याची परीक्षा असेल म्हणून केला नाही. आज अंगारकी. उपासाच्या दिवशी वाईट बातमी कशाला?

८ जानेवारी, गुरुवार
त्याचाच फोन आला. मंगळवारी रात्री पोचतोय. प्रांजली बुधवारी येणार, दोन्ही घरची माणसं येणार. "काका, तुम्हाला खास साडीचोळी, म्हणजे काकूंना. तुम्हाला शाल." शाल! मी ठीक आहे म्हणालो आणि फोन ठेवला. तोंड आरशात बघवलं नाही.

११ जानेवारी, रविवार
कुंड्या रिकाम्या करायला तुळशीमागे गेलो. ढेकूळ एकसंध निघालं, विटेसारखं. ते टाकायला वाकलो तर केराच्या ढिगावर वीतभर झुडूप. अंगभर बारीक गुलाबी फुलं. तोच, मी टाकलेला फुटवा. त्याच सुयांत, त्याच सालींत. तुळशीचं ओघळून येईल तेवढंच पाणी.
हात जोडले. देवीची कृपा. मग मनात आलं, हे मी मुद्दाम जपलं असं सांगता येईल. मग आलं, एवढं चांगलं झाड केरात बरं दिसत नाही, पितळी कुंडीत लावू, थोडी गोणीतली माती...
हात गोणीकडे गेलासुद्धा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला, "हात लावाल तर बघा!"

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत
काळ्या साडीत प्रांजली आली. तिळगूळ दिला, घेतला. शाल खांद्यावर पडायच्या आत बोललो. माती मी बदलली, झाडं मी मारली, कळ्या शेवंतीच्या होत्या. सगळ्या पाहुण्यांसमोर. 'असेल तर' लावलं नाही.
कौशिक जमिनीकडे बघत होता, ते सगळ्यात जास्त लागलं. मग प्रांजली म्हणाली, "चलो, जो बची है वो दिखाओ." कोपऱ्यात उकिडवी बसली. ढीग बोटांनी दाबून पाहिला. विचारलं, "काका, इसको आपने कुछ किया तो नहीं?" म्हटलं, काही नाही. म्हणाली, "तभी बची है."
वेणीपुरती फुलं नव्हतीच. दोन तुरे तिने कानामागे खोवले. हलव्याच्या दागिन्यांत ते जेमतेम दिसत होते. शाल कौशिकने शेवटी दिली. घडी तशीच आहे, कपाटात ठेवलीय.

पाहुणे गेल्यावर घमेलं घेतलं. ढीग खालून, कडेने, आहे तसा उचलला. सुया, साली, रेती, झुडूप. वर नेऊन कौशिकच्या दाराशी ठेवला. माती हलवली नाही.