कोणाच्या आदेशाने?

पनवेल, शुक्रवार

तीर्थस्वरूप कृष्णकांतमामांस भाचा धनेशचा नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो ना? मामींचं लोणचं पोचलं (ऑफिसातच संपलं, घर गाठलंच नाही). तुम्ही आठवडाभर माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र.

सोमवारी मी आयुष्यात प्रथमच कोर्टात उभा राहिलो. कारण सखूबाई. मासळी बाजारातल्या तिच्या गाळ्याला मी गेल्या महिन्यात नोटीस न देताच सील ठोकलं होतं. (साहेबाने सील ठोकलं की विषय संपला, अशी माझी पालिकेतल्या अकरा वर्षांची समजूत.) बाई थेट दिवाणी न्यायालयात गेली. न्यायाधीशबाई आपल्या तिशीतल्या मनस्वीहून फार तर दोन वर्षांनी मोठ्या. मी खुर्ची शोधत होतो. पट्टेवाल्याने सखूबाईशेजारची फरशी दाखवली. बाईंनी फाइल वाचली. खरोखर वाचली, मामा. आमच्याकडे फाइल फक्त पुढे सरकते. सखूबाई एवढंच म्हणाली, "परवाना हाय, पावती हाय. सायबांनी कागद बघितलाच नाय." खरंच होतं ते. दहा मिनिटांत सील काढायचा हुकूम निघाला. सरकारच्या पगारावरची बाई सरकारच्याच माणसाला चूक म्हणते आणि छप्पर कोसळत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

मग सखूबाईच्या वकिलाला चेव आला. त्याने सगळ्या बाजारावर पत्रे घालायचाही हुकूम मागितला. मला वाटलं, आता तोही मिळणार, यांना कोण अडवतंय? बाईंनी पेन खाली ठेवलं. "ते निवडून आलेल्यांनी ठरवायचं. तो अधिकार माझा नाही." आमच्याकडे काडीचा अधिकार नसलेला माणूससुद्धा हे वाक्य तोंडातून काढत नाही.

संध्याकाळी मी स्वतःच्या हाताने सील काढलं. सखूबाईने बादलीभर पाणी मारून ओटा धुतला. पायातले बूट भिजले तरी मी तिथेच उभा होतो.

तुमचा धनेश

ता. क. कोर्टातून निघताना न्यायाधीशबाईंनी विचारलं, "तक्रार नाही, नोटीस नाही. मग कोणाच्या आदेशाने?" मी पंख्याकडे पाहिलं. गुरुवारपर्यंत प्रतिज्ञापत्र द्या, म्हणाल्या.

ता. क. २ काल दिलं. तो गाळा तुमच्या चिरंजीव निकेशला हवाय म्हणून नगरसेवक या नात्याने तुम्ही फोनवर जे सांगितलंत, ते शब्दशः लिहिलंय (शिव्या वगळून). तुम्हालाही बोलावणं येईल. नाकारणार असाल तर आधी कळवा. कबूल करणार असाल, तर एकाच रिक्षाने जाऊ.