तीन वाजून दोन मिनिटं

प्रिय पपा,

तुझं घर माझ्यापासून तळ्याच्या एका वळणावर, आणि मी पत्र लिहिते आहे, याचं तुला नवल वाटेल. पाकिटावरचं अक्षर ओळखून आई म्हणेल, "झालं! पोरीने पुन्हा लग्न मोडलं की काय?" तिला सांग, मोडण्यासारखं आता काही शिल्लक नाही, मी मजेत आहे. तळं या आठवड्यात काठाकाठाने गोठलंय. तू दिलेलं वाशरँ चीज मी एकटीने चमच्याने खाऊन संपवलं, झाडाच्या सालीच्या डबीसकट चाटून. लिहायचंय ते मात्र अँटवर्पच्या व्हेरहुल्स्टबाईंच्या घड्याळाबद्दल. शुक्रवारी ते इथून निघायचंय. ते जाऊ द्यायचं की थांबवायचं, हे मालकांना मी सांगायचं आहे. म्हणून गेले दोन दिवस मी कारखान्यात कुणाशी धड बोललेले नाही. शेजारच्या टेबलावरून नॉर्बेर म्हणाला, "ब्लाँदीन, दातदुखी आहे की प्रेम?" मी म्हटलं, दात.

बाई वसंतात आल्या होत्या तो दिवस मला सारखा आठवतो. मालक लुग्रँ त्यांचा हात धरून जिन्यावरून आणत होते आणि त्या हात सोडवून घेत होत्या. नजर जवळजवळ गेलेली, पण बसल्या त्या ताठ. लुग्रँनी सोन्याबद्दल, तबकडीवरच्या मीनाकामाबद्दल बोलायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी थांबवलं. म्हणाल्या, "ते सगळं तुम्ही बघा. मला फक्त कुणाला 'किती वाजले' असं विचारायचं नाहीये. सून सांगते, पण आधी एक उसासा टाकते." तू मोठ्याने हसलास. मग तू त्यांच्या तळहातावर जुनं वाजतं घड्याळ ठेवलंस, त्यांचं बोट धरून खटका सरकवायला लावलास, आणि ते तास, पाव तास, मिनिटं वाजवून संपेपर्यंत तुम्ही दोघं मान खाली घालून बसून राहिलात. "बाई," तू म्हणालास, "तुमचं घड्याळ तुमच्याशी कधी खोटं बोलणार नाही. ते माझ्यावर सोडा."

माझ्या वाट्याला यंत्राची रचना आली, आणि ती पोकळीही. आपलं भांडण तुला आठवत असेलच, सगळ्या कारखान्याला आठवतं. जुन्या घड्याळांत पाव तास वाजायचा नसला, तरी यंत्र तेवढा वेळ मुकाट्याने काढतं. तास वाजतात, मग ती रिकामी जागा, मग मिनिटं. मला ती नको होती. आठ दात असलेलं एक चाक बदलून, एक नवा पंजा बसवून मी ती काढून टाकली. तू म्हणालास, "अगं, त्याला श्वास घ्यायला तेवढीच जागा होती." मी म्हटलं, "पपा, घड्याळाला फुप्फुसं नसतात." नॉर्बेर ओरडला, "बाप-लेकीच्या वादात माझी कॉफी गार झाली!" शेवटी रचना कच्ची जोडून चालवली, तेव्हा तू तीनदा खटका सरकवलास आणि म्हणालास, "बरं, तुझं खरं. पण आता सगळा भार, ठोके ज्यांच्यावर पडतात त्या माझ्या दोन तारांवर आला, हे ध्यानात ठेव. तासांची तार जाड आवाजाची, मिनिटांची बारीक आवाजाची. त्या दोघींचे आवाज निराळे राहिले, तरच तुझी करामत टिकेल."

मग ते सगळं पुन्हा सुटं झालं, आपल्याकडे होतं तसं. मी सुट्या भागांच्या कडा जेन्शियनच्या सुक्या काडीने घासल्या, ज्या कडा कुणी कधी पाहणार नाही त्याही. तुझ्या टेबलावरची काडी आईने उन्हाळ्यात डोंगरावरून तोडून आणलेली असते आणि ती तिला "माझं पोलाद" म्हणते, म्हणून मी एक तिच्याकडूनच मागून घेतली. दुसऱ्यांदा जोडून झालं, आणि तारा लावायला घड्याळ तुझ्याकडे घरी गेलं. तू ते गेल्या गुरुवारी परत आणलंस. लुग्रँनी मला विचारलं, "अलॉइसने ऐकलंय ना? मग झालं." हीच आपली पद्धत. तुझ्या कानावरून घड्याळ गेलं, की त्यावर कुणी बोलत नाही.

मी बोलणारही नव्हते. दुपारी सहज, म्हणजे आनंदाने, डोळे मिटून खटका सरकवला. पाच वाजले. डोळे उघडले तर काटे तीन वाजून दोन मिनिटांवर होते.

मी पुन्हा सरकवला. आपल्याला यंत्राची चूक वाटते, कारण यंत्राची चूक दुरुस्त करता येते. पण यंत्र बरोबर होतं. तीन ठोके तासांचे, दोन मिनिटांचे. दोन्ही तारा जवळजवळ एकाच आवाजात बोलत होत्या, आणि मध्ये श्वास घ्यायला मी जागा ठेवलेली नव्हती. मिनिटांची तार काढून पाहिली. मुळाशी ती इतकी घासलेली होती, की भिंगाशिवायही दिसावं. मुळाशी घासत गेलं की सूर उतरतो, हे तूच मला शिकवलंस. टोक कापून तो चढवता येईल, पण इतक्या बारीक झालेल्या तारेत मग जीव उरत नाही. मग मला तुझी आधीची दोन घड्याळं आठवली, आणि आवाज मोजणाऱ्या यंत्रात त्यांची नोंद होती ती मी काढून पाहिली. प्रत्येक वेळी मिनिटांच्या तारेचा सूर थोडा आणखी खाली आलेला. या तुझ्या हाताच्या चुका नव्हेत, पपा. कानसेचे फटकारे इतके सरळ आहेत, की मला रडू आलं. तू दर वेळी तार बरोबर तिथे आणून थांबलास, जिथे ती तुला ऐकू येते.

मला शरद ऋतूतला तो दिवस आठवला, गुरं डोंगरावरून खाली आली तो. फुलं बांधलेल्या गाई गेल्या, मागून कालवडी गेल्या, आणि तू विचारलंस, "यंदा कालवडींच्या गळ्यात घंटा का नाहीत?" होत्या, पपा. लहान, पातळ आवाजाच्या, खूप साऱ्या. नॉर्बेर म्हणाला, "अलॉइस, सकाळी सकाळीच बाटली उघडलीस?" सगळे हसले, तूही हसलास. मी आईकडे पाहिलं, तर ती तुझ्या मफलरची गाठ सोडून पुन्हा बांधत होती. घाईने, जशी ती काहीतरी झाकताना करते. तिला माहीत आहे, असं मला वाटतं. तुलाही माहीत आहे का, हे मला ठरवता येत नाही. कधी वाटतं, माहीत असतं तर तू बाईंना शब्द दिला नसतास. कधी वाटतं, माहीत होतं म्हणूनच दिलास, स्वतःला एक शेवटचं काम मागून घेतलंस. आणि कधी वाटतं, मी तुझ्या मनात शिरून पाहते आहे ते कुठल्या हक्काने?

मालकांना मी अजून काही सांगितलेलं नाही. "सांधणीत एक शंका आहे, शुक्रवारनंतर आणखी एक आठवडा द्या" इतकंच म्हटलं, आणि ते खोटं आहे. घड्याळ जाऊ द्यावं, हाही विचार मी केला. लुग्रँना ते छानच वाटतं, "उबदार आवाज" म्हणतात. पण अँटवर्पला एका बाईने एकटीने पलंगावर बसून खटका सरकवायचा आहे, आणि पाच ऐकून उठायचं आहे, बाहेर तीन वाजलेले असताना. मला ते नाही जमलं. तुलाही नसतं जमलं, हे मात्र मला पक्कं ठाऊक आहे.

पत्र लिहिलं, कारण फोनवर तुला हे ओरडून सांगावं लागलं असतं. हे वाक्य मी दोनदा खोडलं, पण दुसरं सुचत नाही. काय करायचं ते तू ठरव. लुग्रँना काय सांगायचं आणि कधी, तेही तूच. मी पोलादाची नवी तार कडक करून ठेवली आहे. ती दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही, आणि माझ्याही नाही, माझी कानस तुझ्यासारखी सरळ चालत नाही. रविवारी जेवणानंतर तुझ्या खिडकीपाशी बसू. तू घासायचं, मी ऐकायचं. माझा कान पुरेल की नाही, मला माहीत नाही, म्हणून घाई करू नकोस. मी माझं बोट तुझ्या मनगटावर ठेवीन. ते उचललं, की थांब.

रविवारची वाट पाहणारी,
तुझीच
ब्लाँदीन