केबिनमधले ढेकूण

अगं,

दुपारी घरी येऊन गेलो. तू कामावर, ठमी शाळेत. बरंच झालं, नाहीतर पोरगी पळत येऊन गळ्यात पडली असती.

ट्रकच्या केबिनमध्ये पुन्हा ढेकूण झालेत. चूक माझीच. वाटेत एका ड्रायव्हरची गाडी बंद पडली होती, त्याला वळकटीसकट बसवून घेतलं. दहा दिवस बोलायला कुणी नव्हतं गं. तो तीन तासांत उतरला, त्याचे ढेकूण काही उतरले नाहीत.

गेल्या वेळी मी असेच घरात आणले. ठमीच्या हातांवर गांध्या उठल्या, तू एकटीने गाद्या बाहेर काढल्यास, पण मला एका शब्दाने बोलली नाहीस. त्यापेक्षा भांडली असतीस तर बरं वाटलं असतं.

म्हणून या वेळी कुठे टेकलोच नाही. पाहुणासुद्धा घटकाभर बसतो, मी ओट्यापाशी उभ्यानेच जेवलो. भाजी झकास होती. अंगावरचे कपडे बदलून त्यांवर उकळतं पाणी ओतलंय, बादली मोरीत आहे, तेवढे वाळत घाल. ठमीसाठी आणलेली रंगपेटी खिडकीत ठेवलीये. तिच्या फटीसुद्धा निरखून पाहिल्यात.

आता केबिनमध्ये फवारणी करून घेतो आणि तसाच पुढच्या खेपेला निघतो. अठरा दिवस लागतील.

जाताना खोलीत डोकावलो. पलंगावर माझ्या जागी ठमीची उशी होती. राहू दे. परत आलो की दारातच थांबेन. तू ‘ये’ म्हणालीस, की मग आत येईन.