रेणापूरची टेप

१७ ऑगस्ट १९८२, लातूर
छप्पन साली नायगावच्या बाजारात आम्ही दोघं रस प्यायला थांबलो होतो. पलीकडे ग्रामोफोन. गाणं संपेपर्यंत हे हलले नाहीत — एसटी निघून गेली! नुकताच लातूर जिल्हा झाला, आणि यांचं सुरू — "जिल्ह्याला आपली कॅसेट कंपनी नको?" आमच्या धान्याच्या आडतीच्या मागच्या खोलीत, पोत्यांच्या आडोशाला. नाव ठेवलंय नागझरी कॅसेट.

३ नोव्हेंबर
रेणापूरहून तुळजाबाई आल्या, ओव्या म्हणायला. म्हणाल्या, "जात्याबिगर आवाज निघत न्हाई, अक्का." जातं आणलं. मग म्हणतात, "रिकामं जातं फिरवू न्हाई माय, दाणे घाला." दुष्काळात! घरातली ज्वारी ओतली. आठवडाभर आम्ही ओव्यांच्या भाकरी खाल्ल्या.

९ मे १९८४
उदगीर ते नांदेड, प्रत्येक हॉटेलात तुळजाबाई! नांदेडच्या गाडीत टेप लागली, तर या उभ्याच. "माझाच आवाज, अन् मलाच कुणी जागा दिली न्हाई!"

२१ मार्च १९८६
तुळजाबाई जाऊन वर्ष झालं. पाणी टँकरचं. आडत बंदच म्हणायची.
मुंबईच्या मोठ्या कंपनीचा माणूस आला. नागझरी विकत घेणार, मूळ टेपांसकट. ओव्या नव्या गायिकेकडून म्हणवून घेणार. "ती जात्याची घरघर कोण ऐकणार? जुन्या टेपा पुसून पुन्हा वापरू."
पुसून!
यांनी शांतपणे सही केली. मी बोलले, तर म्हणाले, "कॉन्व्हेंटवाले, व्यवहार तुला कळत नाही."

२३ मार्च
दोन दिवसांत यांच्याशी एकच शब्द बोलले — जेवा.

२ एप्रिल
उद्या टेपांची पेटी मुंबईला जाणार. हे अंघोळीला गेले, आणि मी पेटी उघडली. तुळजाबाईंची टेप काढून कोरी ठेवायची — चोरीच ती, कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी छडी मारली असती! खात्रीसाठी मशीनवर लावली. तर आत हे स्वतः भजन म्हणताहेत! बेसूर, ठसक्यासकट. वर यांच्याच अक्षरात — 'तुळजाबाई, रेणापूर'.
घर धुंडाळलं. खरी टेप माझ्याच ट्रंकेत निघाली, इरकल साडीच्या घडीत.
पेटी होती तशी बंद केली.

त्याच दिवशी
आमच्या दोघांच्या मागे — टेप तुळजाबाईंच्या लेकीला, साखराबाईला. मशीन आमच्या लेकीला, महादेवीला. इरकल धाकट्या सुनेला. आणि मी आधी गेले, तर मला सगळं ठाऊक होतं, हे यांना कुणीही सांगायचं नाही. चोरून केलेलं एवढं एक चांगलं काम यांच्याकडेच राहू द्या.